नव्या मोटारींची यादी

उमाजीचं कार्ड येऊन अडीच वर्षं झाली होती आणि शिवरुद्र अप्पांनी त्याचं उत्तर अजून टाकलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. सात वेळा लिहिलं होतं. सातही कागद शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात एकावर एक ठेवलेले होते आणि त्यांच्याखाली ते कार्ड.

कार्ड उमाजीच्या सुनेच्या हातचं होतं. केवळाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिचं अक्षर मोठं आणि एकेका ओळीत तीन-चारच शब्द. अप्पांना ते आता पाठच होतं.

‘शिवरुद्र आप्पास उमाजीचा रामराम. इकडे सर्व खुशाल. दिसणं लय कमी झालं. यंदा बारक्या मोटारीचे कोणते नवे संच निघायले ते कळवा. मागे तुमी म्हनला होता लांब शेपटाची मोटार येनार, ती आली का. दुसरं इचारायचं, पालमच्या बाजारात एक वैदू बसायलाय. सुईनं डोळ्यातला मोती खाली पाडतो. त्याच्याकडून करून घ्यावं का हैद्राबादला मोठ्या दवाखान्यात जावं. तुमी वाचल्याले मानूस. तुमी सांगाल तसं करतो. उत्तराची वाट पाहातो.’

दोघांची ओळख परभणीच्या मोटार डेपोतली, निजामाच्या अमदानीपासूनची. अप्पा तिथं भांडाराचे कारकून, तर उमाजी बसगाड्यांचे लाकडी सांगाडे दुरुस्त करणारा सुतार. घराणं पालमचं, मेंढ्या राखणाऱ्यांचं. सुतारकी तो डेपोतच एका उस्तादाच्या हाताखाली शिकला. अप्पा बोलायला भिडस्त. डबा खातानाही पुस्तक उघडून बसायचे, म्हणजे कुणी बोलायला येत नसे. उमाजी मात्र आला.

डेपोत विलायतेहून मोटारींचं एक इंग्रजी मासिक यायचं. ते कुणी उघडत नसे, म्हणून अप्पाच वाचत. त्याच्या शेवटच्या पानांवर लहान मोटारींच्या संचांच्या जाहिराती असत. खोक्यात सुटे भाग असायचे, सोबत नकाशा. भाग चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे, की हुबेहूब खरी गाडी तळहातावर.

“ही पोरासोरांची मोटार हाय का?” उमाजीनं मागून वाकून विचारलं होतं.

“खेळणं नव्हे, उमाजी,” अप्पा गोंधळून म्हणाले, “खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शानं केलेली असते. सगळं तंतोतंत.”

उमाजीनं पिशवीतून आपला लाकडी गज काढला. त्यावर तसूच्या चोवीस खुणा होत्या. “चोविसावा म्हंजी गजाला तसू! मंग सायबाच्या मुलखात बी आपलाच गज चालतो म्हना की!”

त्या दिवसापासून दर महिन्याला मासिक आलं की दोघं भांडाराच्या मागे टायरांच्या ढिगाशी बसत. अप्पा वाचून सांगत आणि फुटांचे गज करत. उमाजी गजाचे तसू करी. मुंबईच्या एका दुकानाला लिहून त्यांनी सहा वर्षांत तीनच संच मागवले. पण न मागवलेले, अजून बाजारात न आलेले, नुसते ‘लवकरच येत आहे’ एवढंच छापलेले संच त्यांनी किती बांधले याची गणतीच नाही. ते सगळे बोलण्यात बांधले.

“ह्या मोटारीला येवढं शेपूट कामून, आप्पा? उडायचीय का काय?”

“फॅशन आहे म्हणे अमेरिकेत.”

“आन् समोरून दात कसे दाखवायलीय बघा. नव्या मामलेदारावानी!”

अप्पा हसत. त्यांना हसताना पाहिलेली माणसं डेपोत फारशी नव्हती.

मग दोघं नोकरीतून सुटले. अप्पा सेलूला घरी आले, उमाजी पालमला गेला. मधे राज्यं बदलली, डेपोवरच्या पाट्या बदलल्या. ओळखीचा एक कारकून जुनी मासिकं बांधून अप्पांना सेलूला धाडत असे, तेवढा एक धागा राहिला.

आणि मग ते कार्ड आलं.

अप्पांनी त्याच दिवशी कपाटातलं वैद्यकाचं पुस्तक काढलं. डोळ्याचं प्रकरण दोनदा वाचलं. सुईनं मोती आत ढकलणं हा जुना आणि धोक्याचा प्रकार, त्यानं डोळा पिकतो, कायमचा जातो, असं तिथं सरळ लिहिलेलं होतं. शंकेला जागा नव्हती. ‘सुई लावू नका, हैद्राबादला जा’ एवढं लिहून कार्ड टाकायचं, पाच मिनिटांचं काम होतं.

पण उमाजीनं दोन गोष्टी विचारल्या होत्या. नव्या संचांची यादी शरदातल्या अंकात यायची आणि तो अंक अजून डेपोतून निघाला नव्हता. अप्पांनी वीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. मागणीपत्रकातल्या सगळ्या वस्तू जमल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, अर्धा माल देऊन सही घ्यायची नाही, ही त्यांची तिथली शिस्त. दोन्ही उत्तरं एकदमच धाडू, असं त्यांनी ठरवलं. शिवाय मनात शंकेचा किडा होताच. हैद्राबादला जा म्हणावं आणि तिथंही हात चुकला तर? आपण कोण सांगणारे? पुस्तक तरी कितपत खरं? ते मसुदा करत, बाजूला ठेवत आणि रोज अंकाची वाट पाहत.

“त्या कार्डाला गंधफूल वाहून पूजेत तरी ठेवा,” शांतम्मा म्हणायची. ती त्यांची बायको. जिभेनं तिखट, पण मनानं तशी नव्हती. “चार ओळी लिहायला मुहूर्त पाहायलाव का?”

“अंक येऊ दे. अर्धवट कसं लिहू?”

अंक तेविसाव्या दिवशी आला. त्याच आठवड्यात पालमकडून आलेल्या एका ड्रायव्हरनं स्टँडवर सांगितलं, की उमाजी सुताराचे डोळे गेले. वैदूनं सुई लावली, पू झाला, दोन्ही गेले.

अप्पा घरी आले आणि तो अंक त्यांनी उघडलाच नाही. पुढचे अंकही तसेच दोरीत बांधलेले राहिले.

साठ साली चैत्रात एक दिवस दुपारी ओसरीवर एक बाई येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हातात फडक्याचं गाठोडं.

“शिवरुद्र आप्पाचं घर ह्येच का? म्या कासाबाई. पालमच्या उमाजीची घरवाली.”

अप्पा उठून उभे राहिले. शांतम्मानंच तिला आत बोलावलं, पाणी दिलं.

“हितं सेलूत माझी भाची दिलीय,” कासाबाई टेकत म्हणाली. “तिच्या बाळंतपनाला आलेय. यांनी निघताना सांगितलं, आप्पाकडं जाऊनच ये. म्या म्हनलं, अडीच वर्सं झाली, आप्पा हायेत का गेले ते तरी ठावं का? तर म्हने, गेले असते तर शांतम्मानं कार्ड टाकलं असतं. आप्पा टाकीत न्हाईत, तिचा भरवसा हाय.”

शांतम्मा हसली. अप्पांना हसता आलं नाही.

“कसा आहे उमाजी?” त्यांनी विचारलं.

“हायेत. खातेत, पितेत, माझ्यावर वरडतेत. दिसत न्हाई तेवढंच.” तिनं गाठोडं सोडलं आणि एक लाकडी बस काढून त्यांच्यापुढं ठेवली. वीतभरापेक्षा थोडी मोठी. “बसल्या बसल्या ह्येच करतेत. हातानं चाचपून, नखानं खुना करून. ही सातवी. सातीच्या साती येकच!”

अप्पांनी बस हातात घेतली. डेपोतली जुनी गाडी होती ती, मागच्या शिडीसकट. खिडक्यांच्या ओळीत केसाचाही फरक नव्हता. ज्या गाडीच्या सांगाड्यात वीस वर्षं हात घातला ती एकच गाडी उमाजीच्या हाताला ठाऊक होती.

“म्या म्हनलं, दुसरं काई करा की. तर म्हनतेत, नवं कसं करू? नवं आप्पाच्या कागदात असतंय. आप्पानं यादी धाडली की करीन. टपालवाला वाड्यावरून गेला की आजून इचारतेत, सेलूचं काई हाय का? केवळी म्हनती, न्हाई मामंजी. मंग गप बसतेत.”

अप्पांनी खाली पाहत विचारलं, “त्या वेळी... सुईच्या वेळी... माझ्या उत्तरासाठी थांबला होता का तो?”

“थांबले की. वैदू म्हनला बसा, तर हे म्हनले सेलूचं पत्र येऊ दे. दोन बाजार तसेच गेले. तिसऱ्याला वैदू म्हनला, म्या आता जिंतूराकडं जायलोय, पुन्हा वरीसभर येनार न्हाई. मंग बसले.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आमी भावकीनं लय बोल लावला तुमाला, खोटं कामून बोलू? येवढा शिकल्याला मानूस, दोन अक्षरं टाकता आली न्हाईत! पर हे आयकून घेत न्हाईत. म्हनतेत, आप्पाला बी त्यातलं ठावं नसंल. ठावं असतं तर आप्पानं कळवल्याबिगर ऱ्हायलं असतं का?”

शांतम्मा झटकन उठून आत चहा करायला गेली. वैद्यकाचं ते पुस्तक कोणत्या दिवशी कपाटातून निघालं होतं, हे घरात तिलाच ठाऊक होतं.

“यादी तेवढी द्या, आप्पा,” कासाबाई म्हणाली. “म्या परवा निघनार. न्हाईतर टपालानं धाडा. टपालानं आलेलं त्यांना लय बरं वाटंल.”

ती गेल्यावर अप्पांनी मासिकांचा गठ्ठा सोडला. अडीच वर्षांच्या नव्या मोटारी एकदम समोर आल्या. आता बहुतेक संच प्लास्टिकचे होते. मुंबईत तर ते मिळणंही बंद झालं होतं. बाहेरचा माल येत नव्हता. पण उमाजीला खोकं कुठं हवं होतं? त्याला मापं हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळावरची विभूती ओली असतानाच ते लिहायला बसले. यादी सोपी गेली. चित्रात काय दिसतं ते त्यांनी लिहिलं नाही. हाताला काय लागेल ते लिहिलं.

‘लांब शेपटाची आली. लांबी नऊ तसू, रुंदी सव्वातीन. छप्पर बसकं आहे, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं मागं उतरतं. शेपटाची दोन पाती, करंगळीच्या एका पेराएवढी उभी, टोकाला धार. दुसरी विलायतेची, अगदी बुटकी, सगळी मिळून पाच तसू. तुम्ही हसाल. चाकं बोराएवढी आणि चारी कोपऱ्यांत ढकललेली. आत चार माणसं बसतात म्हणतात. तिसरी दोन मजली बस...’

इथवर आल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला. एवढंच धाडलं तर उमाजी खूश होईल, केवळाबाई वाचून दाखवील, आठवी गाडी वेगळी होईल. आणि उमाजी पुन्हा म्हणेल, आप्पाला ठावं असतं तर त्यांनी कळवलं असतं.

शांतम्मा दारात उभी होती. “थांबलाव का?”

“पुढचं लिहिलं तर तो माझं नाव घेणार नाही.”

“मग न घेऊ द्या. पन खोट्या समजुतीवर नाव तरी कामून घ्यावं त्यानं?”

ती निघून गेली. अप्पांनी टाक पुन्हा बुडवला. सात मसुद्यांत जे वळणावळणानं आलं होतं ते या वेळी सरळ आलं, आणि ते पाहून त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

‘उमाजी, तुमचं कार्ड आलं त्याच दिवशी मी पुस्तक पाहिलं होतं. सुई लावू नये, डोळा जातो, हे त्याच दिवशी मला समजलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. यादी पुरी व्हायची म्हणून थांबलो, आणि माझं चुकलं तर काय म्हणून घाबरलो. तुम्ही दोन बाजार थांबलात. मला माफ करा असं लिहिण्याचा मला अधिकार नाही. केवळाबाई, हे वगळू नका, वाचून दाखवा.’

खाली सही केली, पाकीट चिकटवलं आणि ते स्वतःच टपाल कचेरीकडे निघाले. बाजारात कापसाच्या गाड्या संपत आल्या होत्या, जिनिंगचा धूर विरळ झाला होता. ओळखीच्या दोघांनी रामराम केला, तो त्यांना ऐकू आला नाही.

पेटीपाशी आल्यावर त्यांना आठवलं, की दोन मजली बसच्या वरच्या मजल्याची उंची लिहायची राहिली. ती या अंकात नव्हतीच. पुढच्या अंकात सविस्तर नकाशा देऊ असं छापलेलं होतं. पुढचा अंक आठ-दहा दिवसांत येईल. उंचीशिवाय उमाजी बस कशी करणार? त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. डिंक अजून ओलाच होता, उघडता आलं असतं.

पेटी रिकामी करायला बन्सीधर पोस्टमन आला होता. थैलीचं तोंड धरून तो जरा वेळ थांबला.

“काय अप्पा, टाकायचंय का नुसतं पेटीला दाखवायचंय?”

“यातलं एक माप राहिलंय,” अप्पा म्हणाले.

“मग?”

“राहू दे.”

आणि त्यांनी पाकीट त्याच्या थैलीत टाकलं.