भाऊजींचा दुकानदार

दिराने जुन्या टॉवेलची गाठ सोडली आणि हेडलाइटची क्रोमची कड शेडमधल्या बाकावर ठेवली. तिच्या नवऱ्याने ती उचलून उजेडाकडे धरली, तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि दुरुस्तीला काढलेल्या आपल्या जुन्या गाडीकडे वळला.

"कुठे मिळाली, भाऊजी?" तिने विचारलं.

"आहे एक दुकानदार. इटलीहून मागवून देतो."

तिची उभी हयात कस्टमच्या कचेरीत गेली होती. परदेशातून आलेल्या वस्तूला खोका असतो, चिकटपट्ट्या असतात, शिक्के असतात. टॉवेलात गुंडाळलेली वस्तू इटलीहून येत नाही, शेजारच्या गल्लीतून येते.

असली गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला होता. नवऱ्याने इटलीपर्यंत चौकशा केल्या होत्या, भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले होते, पण हाती धुपाटणं. दिराला मात्र मागेल ते मिळत होतं. आधी कार्ब्युरेटर, मग दाराची काच, मग गियरची दांडी.

"चोरीचं नसेल ना?" जेवताना तिने नवऱ्याला विचारलं.

"आणतोय ना? आणू दे."

"कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुला जन्मभर सगळ्यांच्या बॅगांत पाणीच मुरताना दिसलं," तो म्हणाला. पण तिच्याकडे न बघता म्हणाला, आणि लगेच ताटावरून उठला.

म्हणजे हेही सामील? ती हात वाळेपर्यंत तशीच बसून राहिली.

पुढच्या वेळी मागचा बंपर हवा होता. "बघतो दुकानदाराकडे," असं म्हणून दीर निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती न कळवता त्याच्या घरी गेली. दीर एकटाच राहायचा. पुढचं दार बंद होतं, म्हणून ती वळसा घालून मागच्या गॅरेजकडे गेली. काय बोलायचं ते तिने वाटेतच ठरवलं होतं. भाऊजी, या वयात पोलीस दारात आले तर तुमच्या भावाचं काय होईल?

गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. आत तशीच गाडी होती. तीच ठेंगणी पाठ, तोच करडा रंग. चाकांच्या जागी विटा, दिव्यांच्या जागी भोकं, दारांना काचा नाहीत. डॅशबोर्डमधून वायरी लोंबत होत्या. जागेवर होतं ते फक्त स्टिअरिंग. त्यावर दोन्ही हात ठेवून दीर समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता.

"तुमची गाडी तर भंगारात गेली होती ना?"

तो दचकला नाही. सावकाश उतरला.

"दादाला तसंच सांगितलंय."

दोघा भावांनी एकाच वर्षी सारख्या गाड्या घेतल्या होत्या, हे तिला माहीत होतं. लग्नानंतर ती याही गाडीत बसली होती.

"आजारपणानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, वहिनी. आता सकाळी दाढी करून शेडमध्ये जातो. दोन सांगाडे सांभाळण्यापेक्षा एक तरी धावेल."

"मग त्यांना सांगायचं की सरळ."

"माझ्याकडून घेईल तो? धाकट्याकडून?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं तिने गिळली. पर्स विटेवर ठेवली आणि मागच्या बंपरचं एक टोक धरलं.

"आधी तुमच्या बाजूचा बोल्ट सोडा," ती म्हणाली.

बंपर घेऊन ती रिक्षाने घरी आली. नवऱ्याने तो शेडमध्ये नेला, उलटा करून आतल्या बाजूने हात फिरवला आणि तिथेच स्टुलावर बसला.

"भेटला दुकानदार?"

"भेटला. माणूस सज्जन आहे." तिला त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती बाकावरचे पाने उगाच सारखे करू लागली. "तुमचं स्टिअरिंग तडकलंय. तेही विचारू का त्याला?"

"नको."

तो उठला, बंपर जागेवर लावून बघू लागला.

"तडकलेल्या स्टिअरिंगला मी दोरी गुंडाळून घेईन," तो म्हणाला. "त्याला म्हणावं, तुझं काढू नको. बसल्यावर हात ठेवायला माणसाला काहीतरी लागतं."