शोगुनचे ओलीस

शिंगांचं जपानी शिरस्त्राण. शाडूची ओली मूर्ती. कुलूप लावलेला खण.

आखातातल्या रुमैथियात मालकाच्या बैठकीत दत्ताराम सुतार त्या शिरस्त्राणासाठी काचेचं कपाट बसवत होता. मालक हिंदीत कौतुकानं सांगत होता, "जपानवर राज्य करणारे शोगुन हुशार. सरदारांची बायकापोरं राजधानीत अडकवून ठेवायचे. मग बंड कोण करणार?"

दत्तारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावी वडील अंथरुणाला खिळलेले. यंदा गणपती डोक्यावरून घरी आणायला तोच हवा होता. पासपोर्ट मात्र मालकाच्या खणात.

"अरबाब, आमचे पासपोर्टही तसेच ना?"

मालक हसला. "तू घरचा माणूस, दत्ता. कपाट संपव."

दत्तारामनं पटाशी खाली ठेवली. "आधी पासपोर्ट. तोवर तुमचा शोगुन जमिनीवर बसेल."

शेवटी १८६२ साली शोगुननंही सरदारांच्या त्या बायकापोरांना घरी जाऊ दिलं.