तिठ्यावरची फक्की

दौलतला बोलायची भारी हौस, आणि सासुरवाडीला गेला की मग तर विचारूच नका. ठाण्याला खेटून असलेल्या बाळकुमचा जावई, त्यातून डोंबिवलीच्या कारखान्यात कामाला. माळावरच्या त्या मूठभर घरांत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बायको सगुणा एसटीनं पुढे माहेरी गेलेली असायची. हा रविवारी पहाटे सायकल काढायचा. कशेळीचा पूल, भिवंडी, कोन, दुर्गाडी, कल्याण, मग मुरबाड रस्त्यानं गोवेलीच्या पुढे, आणि तिथून उजव्या हाताला माळावर. पोचला की हातपाय धुवायचा, सासऱ्यानं अंथरलेल्या घोंगडीवर बसायचा आणि चहा यायच्या आत बाळकुमची कहाणी सुरू करायचा.

कहाणी एकच. तो शाळेत होता तेव्हा खाडीकडच्या त्यांच्या शेतात चार माणसं आली आणि फक्की टाकून पांढऱ्या रेघा ओढून गेली. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच ही चुन्याची फक्की. दौलतचा बाप शिवराम एक नंबरचा भोळा. त्यानं त्या साहेबांना ताडगोळे सोलून दिले, वर त्यांच्या टेपचं टोकही धरलं. पुढे त्याच रेघांवरून कारखान्याची भिंत उठली. शेत आत, शिवराम बाहेर. राहता राहिली खाडी, तर तिच्यात असलं पाणी उतरलं की जाळ्यात नुसता काळा गाळ यायला लागला.

"मामा," दौलत सासऱ्याला सांगायचा, "माळावर पांढरी रेघ दिसली ना, की विचारत बसायचं नाय. खराटा घ्यायचा आणि पुसून टाकायची. आमचा बाप बघत बसला म्हणून मी आज दुसऱ्याच्या दारात उभा आहे."

सासरा दामाजी मान डोलवायचा. माळावर काहीतरी मोठं येणार, कारखाने येणार, अशी कुजबुज तेव्हा होतीच. जावई सांगतो ते खोटं कसं असेल? गावातले बाकीचे लोकही येऊन ऐकायचे. आपलं कोणीतरी ऐकतंय याचं दौलतला फार सुख होतं, कारण कारखान्यात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. तिथे तो बदली कामगार. कोणी रजेवर गेलं तर काम, नाहीतर गेटवरूनच घरी. अशी उमेदीची वर्षं त्यानं गेटवर घालवली होती. एकच गोष्ट त्याच्याकडे होती, ती म्हणजे पाय. बाळकुम ते डोंबिवली रोज सायकलनं जाऊन-येऊन ते लोखंडाचे झाले होते.

आणि दैवानं नेमकं पायांकडेच बघितलं म्हणायचं. नौपाड्यातल्या एका मंडळानं सायकल शर्यत जाहीर केली. ठाण्याहून निघायचं, मुरबाडला वळसा घालायचा आणि डोंबिवलीत संपवायचं. दौलतच्याच कारखान्याच्या मालकानं बक्षीस लावलं: पहिला येईल त्याला कारखान्यात कायमची नोकरी. बातमी ऐकून सगुणानं देवापुढे नारळ ठेवला. दौलतनं पगारातून नवे टायर घेतले, पहाटेची मुरबाडची एकही फेरी चुकवली नाही. पहिला तोच येणार हे त्याला ठाऊक होतं. फुशारकी नव्हती ती. त्याच्याबरोबर टिकेल असा त्या रस्त्यावर कोणी नव्हताच.

शर्यतीच्या सकाळी नौपाड्यात सगळे जमले तेव्हा मंडळाच्या लोकांनी सांगितलं की मुरबाड रस्त्यावरची एक मोरी खचली आहे. म्हणून गोवेलीच्या पुढून माळावर वळायचं आणि बदलापूरवरून डोंबिवली गाठायची. आदल्या संध्याकाळी माणूस पाठवून वळणावळणावर बाण आखून ठेवलेत. बाण असेल तिकडे वळायचं, नसेल तर सरळ जायचं. वाटेत एका ठिकाणी मनगटावर शिक्का मारतील, तो नसेल तर शर्यत बाद. दौलतला हसूच फुटलं. अरे, सासुरवाडीचा माळ तो! डोळे मिटून पार करीन, असं तो शेजारच्याला म्हणालासुद्धा.

कल्याण मागे पडेपर्यंत तो एकटा पुढे निघाला होता. मंडळाची जीप एकच, ती मागच्या घोळक्याबरोबर राहिली. गोवेलीच्या पुढे बाण होता, दौलत वळला. मग माळ लागला. पौषातलं वाळलेलं गवत, काळा कातळ, वारा अंगावर घेत चढायचं आणि पुढे तिठा. तिथून एक वाट सरळ वरच्या अंगानं बदलापूरला जाते, दुसरी उजवीकडे वळून गावाच्या शेतांमधून नदीच्या बाजूनं, तीही बदलापूरलाच. दौलतला दोन्ही वाटा पाठ.

तिठ्यावर बाण नव्हता. जागा लख्ख झाडलेली होती, वर शेणाचा सडा. आपण येणार म्हणून सासरच्यांनी सडा घातला, असंच त्याच्या मनात आलं, त्यांना कळलं कसं हे सुचलंच नाही, आणि छाती फुगली. वळून गावाकडे हात करावा असंही वाटलं, पण वेळ कोणाला होता? बाण नाही म्हणजे सरळ. तो सरळ गेला.

डोंबिवलीत तो पहिला आला. एकटा आला, मागे लांबपर्यंत रस्ता मोकळा. लोकांनी उचलून घेतलं, गळ्यात झेंडूचा हार पडला, कारखान्यातल्या त्याला ओळख न देणाऱ्या बाबूंनी पाठ थोपटली. मग मंडळाच्या माणसानं मनगट बघायला मागितलं. दौलतनं दोन्ही हात पुढे केले. शिक्का नदीकाठच्या वाटेवर मारत होते. तिठ्यावरून उजवीकडे वळायचं होतं.

त्यानं शपथा घेतल्या की बाण नव्हता. पण मागून आलेले सगळे बरोबर वळले होते, कारण जीपमधल्या माणसांनी बाण पुसलेला बघितला आणि तिथे उभं राहून सगळ्यांना वळवलं. दौलत त्यांच्याही पुढे निघून गेला होता. मागे राहिला असता तर वाचला असता! त्याच्या गळ्यातला हार काढून त्यांनी धोंडीबा नावाच्या कळव्याच्या पोराच्या गळ्यात घातला. नोकरीही त्याच्याच गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी दौलत माळावर गेला तो बाण कोणी पुसला हे शोधायलाच. शोधावं लागलंच नाही. दामाजी अंगणात वाट बघत उभा होता, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"जावय, तुमी सांगितलेलं तसंच केलं," तो म्हणाला. "सांजच्याला कोणीतरी तिठ्यावर फक्की मारून गेला. टोक आपल्या शेताकडं. आमी साऱ्यांनी खराटं घेतलं, पाणी ओतलं, वर सडा घातला. नावनिशाणी ठेवली नाय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय! शहाणा माणूस असता तर तिथेच कपाळाला हात लावून खाली बसला असता. शिकवणी कोणाची होती? पण दौलतला ते सोसलं नाही. स्वतःचं चुकलं म्हणायला जी छाती लागते ती त्याच्यापाशी नव्हती. तो म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडला. ती आपल्या शर्यतीची खूण होती, तुम्ही आपल्या पोटावर खराटा फिरवलात, अडाणी ते अडाणीच राहणार, असं नाही नाही ते बोलला. सासू हौसाबाई तांब्या घेऊन पुढे आली, तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. मागून एसटीनं पोचलेली सगुणा बाजूला उभी राहून रडत होती. दामाजी एवढंच विचारत राहिला, की फक्की शर्यतीलाबी मारतात काय?

मारतात, दौलत म्हणाला. सायकल वळवून निघून गेला.

पुढे दामाजी एकदा कोंबडा आणि तांदळाची पिशवी घेऊन बाळकुमला आला. माफी मागायलाच आला होता बिचारा. दौलत आत पडून राहिला, बाहेर आला नाही. म्हातारा ओट्यावर बसला, लेकीच्या हातचा चहा प्यायला आणि उन्हातून परत गेला. त्यानंतर दौलतनं सासुरवाडीचं नाव टाकलं. सगुणा एकटी जायची, एकटी यायची, आणि आली की दोन दिवस नवऱ्याशी बोलायची नाही.

वर्ष उलटलं. कारखान्याच्या गेटवर दौलत अजून उभाच होता. एका दुपारी सगुणा माहेरून आली ती हसत आली. बापानं निरोप दिला होता. माळावर पुन्हा फक्की पडलीय, आणि या खेपेला चूक होणार नाही. साऱ्या गावानं बाभळीच्या काट्या तोडून रेघांना कुंपण घातलंय, गुरांचा पाय लागू दिलेला नाही. शर्यत कधी आहे तेवढं कळवा, आम्ही तिठ्यावर पाणी घेऊन उभे राहू.

त्या वर्षी शर्यत नव्हती. मंडळ केव्हाच मोडलं होतं.

दौलत सायकलवर बसला. इतक्या जोरानं तो शर्यतीतसुद्धा गेला नव्हता. माळ चढून तिठ्यावर आला आणि पाय टेकून उभा राहिला. बाण कुठला! तिठ्यापासून थेट नदीपर्यंत रेघा गेल्या होत्या, दामाजीच्या शेतातून, शेजारच्यांच्या शेतांतून, खळ्यावरून, सरळ. जागोजागी खुंट्या ठोकलेल्या, डोक्याला लाल रंग लावलेला. आणि दोन्ही अंगांनी काट्यांचं कुंपण, अगदी मन लावून केलेलं.

दामाजी लांबूनच हात हलवत आला. वर्षानं जावई दारात आला म्हणून म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. तो सांगत सुटला. मोजणीवाली माणसं चांगली होती. आपण त्यांना विचारलं, सायकलच्या शर्यतीचं आहे ना, तर ती हसली आणि हो म्हणाली, मोठी शर्यत आहे म्हणाली. मग हौसानं सगळ्यांना जेवू घातलं. टेपचं टोक आपणच धरलं होतं, नदीपर्यंत.

दौलतला बाप दिसला, ताडगोळे सोलणारा. सायकल तशीच टाकून तो काट्यांत शिरला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी रेघ खरवडायला लागला. हात रक्तानं आणि चुन्यानं माखले.

दामाजीनं धावत येऊन त्याचे हात घट्ट धरले.

"नको, जावय, पुसू नका," तो म्हणाला. "एकदा पुसली तर वरीसभर तुमी आमचं तोंड बघितलं नाय."