जाम पिस्टन

जाम झालेल्या पिस्टनशी भांडू नये. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवावं, वरून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतावं, रोज लाकडी ठोकळा ठेवून दोन टोले द्यावेत आणि आपल्या कामाला लागावं. जुनी बंद मोटारसायकल घेऊन आलेल्या ड्रॉइंग मास्तरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! रिटायर झालेला माणूस, रोज दहाला हजर. स्टुलावर बसून म्हणणार, "मारा की मिस्त्री जोरात!"

वर त्यांचं पुराण. धाकट्या भावाने तेल न घालता गाडी पळवली आणि इंजिन जाम केलं. "आदल्याच रविवारी मी स्वतः सिलिंडर काढून बसवला होता. खालच्या सांध्यातलं गॅस्केटसुद्धा घरी पुठ्ठ्यातून कापलं, अगदी रेषेत! आणि हा म्हणतो, दादा, तेल भरलं होतं. खोटारडा!" त्या दिवशी धाकट्याने सात किलोमीटर गाडी ढकलत आणली आणि चारचौघांत दादाची थोबाडीत खाल्ली. तेव्हापासून बावीस वर्षं दोघांत बोलणं नाही. ऐकून ऐकून मला वीट आला होता.

इंजिनाखालचा तेल सोडायचा नटही गंजून बसला होता. नवव्या दिवशी तापवल्यावर तो सुटला आणि ट्रेमध्ये दीड लिटर काळं तेल आलं, पुरं माप.

"तुमचंच वरून गळलं असेल," मास्तर म्हणाले.

"मी ओतलं पेलाभर, मास्तर."

त्यांनी मान्य काही केलं नाही. दुपारी पिस्टन हलला. मी सिलिंडर उचलला. खाली पुठ्ठ्याचं गॅस्केट चिकटलेलं होतं. ह्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला तेल पोचायला खालून एक बारीक वाट असते. पुठ्ठ्यात तिच्यासाठी भोकच पाडलेलं नव्हतं. टाकीभर तेल असतं तरी वर थेंब गेला नसता. कड मात्र खरंच रेषेत होती.

मला राग आला होता. तोंड उघडलं असतं तर नको ते बोललो असतो, म्हणून पुठ्ठा सोडवून नुसता त्यांच्या हातात दिला आणि इंजिनावरच्या त्या वाटेवर बोट ठेवलं. मास्तरांनी पुठ्ठा उजेडात धरला. मधलं मोठं भोक, कडेची चार. पाचव्याच्या जागी ते नखाने खरवडत राहिले.

"फोन तुम्ही लावता?" मग ते म्हणाले. "माझा तो उचलणार नाही."

नंबर त्यांना पाठ होता.

"गॅरेजमधून बोलतोय," मी म्हणालो. "तुमच्या दादांची गाडी आज उघडली."

पलीकडून धाकट्याने एवढंच विचारलं, "तेल होतं?"

मी फोन मास्तरांपुढे धरला. "विचारतायत, तेल होतं का."

मास्तरांनी काळ्या हातांनीच तो घेतला.

"होतं रे," ते म्हणाले. "पूर्ण भरलेलं होतं."