थोड्या थोड्या डोसाने

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई नेहमी म्हणते. प्रयोगशाळेतलं काम घरी जेवताना मिरवायची मला भारी हौस.

"कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवतो आम्ही. आधी औषध अगदी थोडं घालायचं. बऱ्याच मरतात, चिवट तेवढ्या उरतात. त्यांची पिल्लावळ वाढली की डोस वाढवायचा. असं करत करत इतक्या निर्ढावतात, की पूर्ण डोस दिला तरी ढिम्म!"

समोर ताई बसली होती. नुकत्याच सुरू झालेल्या केमोच्या गोळ्यांनी, उलट्या करून करून पार गळून गेलेली. तिच्यापुढे हे बोलू नये एवढीही अक्कल नव्हती मला. आई मात्र घास हातात धरून ऐकत होती.

पुढे उलट्या थांबल्या. "मानवलं बाई औषध!" म्हणून घरात सगळ्यात जास्त उड्या मीच मारल्या.

आज दवाखान्यात निघताना फाइल शोधायला आईचं कपाट उघडलं, तर साड्यांमागे ताईच्या गोळ्यांची भरलेली पाकिटं.

"आई, हे काय?"

"हळू बोल गं. दोनऐवजी एकच देत होते. ती डोळे मिटून गिळते, बघतेय कुठे? तूच म्हणालीस ना, थोडं थोडं दिलं की सवय होते? अंगाला सवय झाली की दोन देणार होते. बघ, उलटी नाही एकसुद्धा!" तिला शाबासकी हवी होती.

अगं आई, सवय ताईला नाही, त्या गाठीला होते! ओठांवर आलेलं मी गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दोनदा पाहिला. "गाठ वाढलीय. औषध लागू पडत नाहीये. गोळ्या पूर्ण घेतल्यात ना?"

"एकही चुकवली नाही," ताई म्हणाली. तिने माझा हात घट्ट धरला होता.

आईचा चेहरा खाडकन उतरला. तिने तोंड उघडलं.

"निम्म्याच दिल्या," मीच म्हणाले. "मी सांगितलं होतं आईला. उलट्या बघवत नव्हत्या."

"तुम्ही? तुमचं तर कामच हे आहे ना?" बाईंनी पुन्हा स्कॅनकडे पाहिलं. "पूर्ण डोस घेऊनही असं होतं कधीकधी. आता सांगता येणार नाही. दुसरं औषध सुरू करू."

आई काही बोलू लागली, तर मी टेबलाखाली तिचा पाय दाबला.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली. माझा हात सोडून तिने आईचा धरला.