पाहुण्यांपुढे उकळलेलं दूध

सकाळच्या नमाजानंतर मूदीने वेलदोडे कुटले, बिनदुधाच्या कॉफीचा कहवा केला, खजुराची थाळी भरली आणि बायकांच्या खोलीत पेले मांडून ती दाराकडे बघत बसली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच, म्हणजे इद्दतीत, बसलेल्या बाईला एकटं राहू द्यायचं नाही, आयाबायांनी तिच्याकडे जाऊन बसायचं, अशी आमच्या वाळवंटातली रीत. पण मूदीकडे कुणी फिरकत नव्हतं. शेजारची शेखा भाताचं भांडं फाटकाशी ठेवून पळायची आणि धुतलेलं भांडं न्यायलाही यायची नाही. भिंतीलगत त्या भांड्यांची उतरंड झाली होती.

तिचा नवरा दैफल्ला हुफूफ शहरातल्या इस्पितळात, काचेपलीकडच्या वेगळ्या खोलीत वारला. आधी खोकला, मग धाप, मग काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हा विषाणू उंटाकडून आला; फार पूर्वी तो वटवाघळांतून उंटांत शिरला असावा. उंटाला नुसती सर्दी होते, माणसाचा मात्र जीव जातो. मूदीला ते लगेच पटलं. त्यांच्या शक्रा नावाच्या सांडणीच्या पिलाचं नाक वाहत होतं आणि दैफल्ला ते आपल्या डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसायचा. त्याच टोकाने स्वतःचं तोंडही पुसायचा. पिलाच्या नाकाचा मुका घेतल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे.

धाकटा दीर मुतलक मात्र सगळ्यांना सांगत सुटला, भावाला दृष्ट लागली. उंट तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला त्याने फाटकातूनच वाटेला लावलं. आमच्यात उंटाला नाव ठेवणं म्हणजे बापजाद्यांना नाव ठेवणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गंमत बघा, उंट निर्दोष म्हणणारे हेच लोक मूदीच्या पेल्याला घाबरत होते. सांडणीचा मुका चालत होता, विधवेचा कहवा चालत नव्हता. असल्या शहाणपणाची मला चीड येते.

यायचा फक्त तिचा म्हातारा सासरा, जलवी. साखरेच्या आजाराने पाय सुजलेले, तरी काठी टेकत यायचा.

"पोरी, कहवा पाणचट झालाय."

"तिसरा पेला पिताय बाबा."

"दोन पेल्यांत नीट कळलं नाही."

दिवसभरात मूदी एवढंच काय ते हसायची.

त्या दिवशी मुतलक दारातूनच बोलला, "वहिनी, संध्याकाळी मजलिशीत पाहुणे बोलावलेत. शक्राचं दूध देणार आहे. पहिला वाडगा बाबा पितील. आपल्या उंटांबद्दल कुजबुजणाऱ्यांची तोंडं एकदाची बंद होतील."

"कच्चं?"

"मग काय उकळून? ते आजाऱ्याला देतात. पाहुण्यांपुढे ठेवलं तर जन्माची अब्रू जाईल."

"भावजी, बाबांना साखर आहे. डॉक्टर म्हणाले होते, अशा माणसाला हा आजार धरला की सोडत नाही."

"डॉक्टरचा आजा कधी उंटावर बसला होता का? आपले आजोबा हेच पिऊन म्हातारे झाले!"

मूदी स्वयंपाकघरात जाऊन बसली. एक माणूस काचेपलीकडे गेला. हाही गेला तर उद्यापासून कहवा कुणासाठी करायचा?

संध्याकाळी सुदानी राखणदार इद्रीसने फेसाळतं दूध आत आणून दिलं. मूदीने ते पातेल्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं. दूध वर आलं. तिने आच कमी केली, पुन्हा वर येऊ दिलं आणि मग वाडग्यात ओतलं. इद्रीसने वाफेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने वाडगा उचलला.

पडद्यापलीकडे मजलिशीत बसलेल्या पुरुषांच्या गप्पा एकदम थांबल्या. "हे गरम आहे!" कुणीतरी म्हणालं.

मुतलक पडद्यापाशी धावत आला. "वहिनी, आमच्या तोंडाला काळं फासलंस!"

परक्या पुरुषांसमोर इद्दतीतली बाई आवाज चढवत नाही. मूदीने चढवला.

"दृष्ट लागली म्हणता ना? मग तुमच्या बायका माझ्याकडे का येत नाहीत? उंटात काही नाही, तर माझ्यात कुठून आलं? बाबा, कच्चं दूध पिऊ नका. तुमच्याशिवाय मला कुणी नाही हो!"

मग जलवीने वाडगा घेतला, फुंकर मारली आणि तो प्याला. मिशीला साय लागली.

"मुतलक, माझा पोरगा दृष्ट लागून गेला नाही," तो म्हणाला. "मलाही ठाऊक होतं, पण जीभ रेटत नव्हती. उद्या त्या डॉक्टरला बोलाव. कळप अजून माझा आहे."

पाहुणे एकेक करून उठले. त्यांच्यापैकी कुणी वाडग्याला ओठ लावला नाही. घराचा याहून मोठा अपमान आमच्यात नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन उंटांच्या नाकांतले नमुने घेऊन गेला. पिलू खूप ओरडलं. दुपारी भिंतीपलीकडून दबका आवाज आला. शेखा होती.

"मूदी, अगं, दूध एकदा वर आलं की पुरे, की आणखी ठेवायचं?"

मूदी धावत भिंतीपाशी गेली. "चांगलं उकळू दे. आणि पोरांना पिलांची नाकं पुसू देऊ नकोस."

"बरं."

"शेखा, कहवा तयार आहे. ये ना."

पलीकडे पावलं दूर गेली.

मूदी आत आली आणि मांडलेला पेला तिने पुन्हा उपडा केला. आमच्या वस्तीत आता बऱ्याच घरी दूध उकळतं. शेखाकडेही उकळतं. मूदीच्या घरी कहवा प्यायला मात्र अजून कुणी जात नाही. तुम्ही शेजारी असता, तर गेला असतात का?