न घेतलेले श्वास

पद्मावती चौगुलेचे झोपेत जे श्वास घ्यायचे राहून जात, ते सकाळी तिच्या पलंगाभोवती पडलेले असत. एकेक साधारण उशीएवढा, धुक्याच्या रंगाचा, हाताला कोमट आणि भरलेल्या पोत्यासारखा घट्ट. ती मोठ्याने घोरायची, मग मध्येच घोरणं तुटायचं. छाती वर उचलली जायची पण आत काही जायचं नाही, आणि बऱ्याच वेळाने ती दचकून कूस बदलायची. त्या मधल्या वेळात जो श्वास आत यायला निघालेला असे, तो ओठांपर्यंत येऊन तसाच खाली पडायचा.

तिचा नवरा भरतेश हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. कुठल्याही वस्तूची जागा एकदा ठरली की त्याला बरं वाटायचं. सुरुवातीला तो उठल्यावर ते श्वास पायाने पलंगाखाली सारायचा. पलंगाखाली मावेनात तेव्हा त्याने ते कपाटाशेजारी रचले, मग भिंतीला लावून. एकदा त्याने काही श्वास घंटागाडीकडे नेले. गाडीवाल्याने विचारलं, ओला की सुका. भरतेशला सांगता येईना, तेव्हा त्याने घेतले नाहीत. गच्चीवर ठेवून पाहिले, तर दिवस कलल्यावर ते जिना उतरून पुन्हा खोलीत येऊन बसले. वर्षं गेली, तशी भरतेशने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. मुलीला त्याने फोनवर घोरण्याचं कारण सांगितलं. खरं तर त्याच्या बाजूला जागाच उरली नव्हती.

पद्माला याचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला फक्त झोप यायची. सकाळी उठायची ती दमलेलीच, डोकं जड, तोंड कोरडं. गडहिंग्लजमध्ये तिची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी ती बसायची, तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा, आणि गावातल्या निम्म्या बायका तिच्या त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी चालवायला शिकल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली की तिची मान छातीवर यायची. शिकणाऱ्या बायका समजून घ्यायच्या आणि हळूच हॉर्न द्यायच्या.

एका सकाळी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या रुक्साना मुजावर नावाच्या बाई संकेश्वरच्या सरळ रस्त्याला गाडी चालवत होत्या. ऊन कोवळं होतं, काच खाली होती. पद्मा झोपली आणि तिचा श्वास थांबला. गाडीत पहिल्यांदाच असं झालं. जागी झाली तेव्हा समोर उसाची ट्रॉली आडवी उभी होती. तिने ब्रेककडे पाय नेला, पण पाय पोहोचला नाही. तिचं पाऊल आणि ब्रेक यांच्यामध्ये एक श्वास पडलेला होता, नुकता पडलेला, अजून गरम. ती त्याच्यावर पाय दाबत राहिली आणि तो दबला नाही. शेवटी रुक्सानाबाईंनीच गाडी बाजूच्या उसात घातली. पानं काचेवर घासत गेली आणि गाडी थांबली.

कुणाला काही लागलं नाही. 

"मॅडम, तुमचा पाय कुठे होता?" रुक्सानाबाईंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

पद्माने वाकून तो श्वास उचलला, मांडीवर घेतला आणि घरापर्यंत तसाच आणला. घरी आल्यावर तिने भरतेशला सांगितलं की आजपासून स्कूल बंद, आणि उद्या कोल्हापूरला डॉक्टरांकडे जायचंय.

डॉक्टरांनी तिला एक रात्र दवाखान्यात झोपवलं, अंगभर तारा चिकटवल्या. सकाळी त्या खोलीचं दार उघडेना, दोघा वॉर्डबॉयना खांदा लावावा लागला. डॉक्टर पडलेल्या श्वासांमधून वाट काढत तिच्यापर्यंत आले आणि त्यांनी शांतपणे समजावलं. झोपेत तिचा घसा मिटतो. श्वास येतो, दार बंद बघतो आणि बाहेरच बसतो. हे औषधाने जाणार नाही. वजन कमी करा, कुशीवर झोपा, ते सगळं करायचंच, पण रात्री हवेच्या जोरावर घसा उघडा धरणारं यंत्र लावावं लागेल. रोज लावावं लागेल. तिने विचारलं, घरात जे साचलेत त्यांचं काय करायचं.

"ते तुमचे आहेत," डॉक्टर म्हणाले. "आज ना उद्या तुम्हालाच घ्यावे लागतील."

यंत्रांचं दुकान एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. फळीवर यंत्रं मांडलेली होती आणि प्रत्येक आपापल्या लयीत श्वास घेत होतं, गोठ्यात जनावरं घेतात तसं. दुकानातल्या बाई, कित्तूरकर त्यांचं आडनाव, प्रत्येकाचा स्वभाव सांगत गेल्या. एक यंत्र एकाच जोराने हवा सोडायचं. पद्माने ते लावलं तेव्हा ती खुर्चीसकट मागच्या भिंतीला जाऊन टेकली. भरतेशने तिला पुन्हा ओढून जागेवर आणलं. दुसरं यंत्र आधी ऐकायचं. घसा मिटायला लागला की जोर वाढवायचं, उघडला की कमी करायचं. कित्तूरकरबाई म्हणाल्या, हे महाग आहे पण तुमचं म्हणणं ऐकून घेईल. पद्माने ते निवडलं.

मास्क निवडायला जास्त वेळ गेला. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क लावला तर तिचं तोंड उघडायचं, हवा तोंडातून बाहेर पडायची आणि दुकानातली कॅलेंडरं भिंतीवर फडफडायची. नाकावरचा लावला तर तेच. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क लावला तेव्हा कॅलेंडरं गप्प झाली, पण पद्माला कुणीतरी तोंडावर तळहात ठेवल्यासारखं झालं. तिने तो काढला. पाणी प्यायली. पुन्हा लावला, पुन्हा काढला. भरतेश म्हणाला, विचार करून पुढच्या आठवड्यात येऊ. ती म्हणाली, हाच द्या.

पहिले दिवस वाईट गेले. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, मास्क लावून आडवं व्हायचं, आणि उजाडताना मास्क चेहऱ्यावर नसायचा. कधी तो उशीखाली सापडायचा, कधी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे, एकदा तर शेजाऱ्यांच्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातलेला. तिला स्वतःला यातलं काही आठवत नसे. पट्टा सैल ठेवला की गालापाशी हवा शिट्टी मारायची आणि बाहेरच्या खोलीतले वर्तमानपत्राचे कागद छताला जाऊन चिकटायचे. घट्ट केला की नाकाच्या हाडावर वळ उठायचा. तो दिवसभर जायचा नाही. घसा असा कोरडा पडायचा की सकाळी ती पहिलं वाक्य बोलायची तेव्हा तोंडातून बारीक वाळू सांडायची. कित्तूरकरबाईंना फोन केल्यावर त्यांनी यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घालायला सांगितलं. वाळू थांबली.

मास्क निघाला की श्वास पडायचेच. आता ते छतापर्यंत आले होते. खोलीचं दार वीतभरच उघडायचं. पद्मा आडवी होऊन आत शिरायची, दोन्ही बाजूंनी श्वास तिच्या खांद्यांना घासायचे, आणि पलंगापर्यंतची वाट रोज थोडी अरुंद व्हायची. भरतेश म्हणाला, दुसऱ्या खोलीत झोप. ती म्हणाली की मग ती खोलीही भरेल, आणि मग तुम्ही कुठे जाल.

"राहू दे की आज," तो एकदा म्हणाला. तिच्या नाकावरचं कातडं सोललं होतं. "एक दिवस नाही लावलंस तर काय होतंय."

"एक श्वास होता गाडीत," ती म्हणाली. "एकच होता."

तिने ठरवलं, मास्कची सवय जागेपणी करायची. सकाळी मटार सोलताना, दुपारी बातम्या बघताना ती मास्क लावून बसायला लागली. दूधवाला आला तरी काढायची नाही. हातानेच दुधाचं माप दाखवायची. मुलगी सांगलीहून आली, आईला तशी बघून रडली, तर पद्माने मास्कच्या आतूनच तिला जेवून जा म्हणून सांगितलं. पट्टे एकेक खाच सरकवत तिने जागा शोधली, जिथे शिट्टीही वाजत नाही आणि वळही उठत नाही. ती जागा केसभर होती, पण होती.

मग एकदा उजाडलं तेव्हा मास्क चेहऱ्यावरच होता. नवीन श्वास एकही पडलेला नव्हता. उशाशेजारचा एक जुना श्वास मात्र नव्हता.

तो कुठे गेला ते तिला लगेच कळलं, कारण तोंडात मेथकूट आणि ओल्या सिमेंटचा वास होता. वरचा मजला बांधत होते त्या दिवसांतला तो श्वास होता. यंत्राच्या पाठीला हवा आत ओढणारी जाळी होती. झोपेत तिने तो तिथून ओढून घेतला होता.

त्यानंतर रोज काही श्वास कमी होत गेले. उठल्यावर तिच्या तोंडात जुना कुठलातरी दिवस असायचा. मुलीला गोवर आला होता तेव्हाचा कडुलिंबाचा वास. नदीचं पाणी गावात आलं होतं तेव्हाचा चिखल. स्कूलची पहिली गाडी घेतली त्या रात्रीचा, सीटवरच्या नव्या प्लास्टिकचा. भरतेश चहा देताना विचारायचा, आज कधीचा. ती सांगायची आणि तो त्या वर्षाबद्दल त्याला काय आठवतं ते सांगायचा. डोकं हलकं झालं. दुपारी मान पडेनाशी झाली. दार पूर्ण उघडायला लागलं, कपाट दिसलं, पलंगाची दुसरी बाजू दिसली आणि भरतेशने आपली गादी परत आणली. रुक्सानाबाईंचा फोन आला की लायसन्सची परीक्षा राहिलीय, तेव्हा पद्माने त्यांना पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाला या म्हणून सांगितलं.

सोमवारी दुपारी तिने खोली झाडायला घेतली. तिचे श्वास संपले होते. खिडकीखालच्या भिंतीलगत मात्र काही उरले होते आणि ते तिचे नव्हते. ते तपकिरीच्या रंगाचे होते, जुन्या कापसासारखे पिवळट कडांचे. तिने एकाला हात लावला. तो थंड होता.

पूर्वी ही खोली तिच्या वडिलांना दिली होती आणि या भिंतीलगत त्यांची खाट असायची. आई गेल्यावर आदगोंडा पाटील शेवटची चार वर्षं लेकीकडे राहिले होते. दिवसभर तपकीर ओढायचे. रात्री तेही असेच घोरायचे, घोरणं असंच तुटायचं, आणि एका पहाटे ते जागेच झाले नाहीत. झोपेत गेले, पुण्यवान माणूस, असं जो तो म्हणाला होता. पद्माही म्हणाली होती.

बाकीचे श्वास उशीएवढे होते. सगळ्यांत आतला, भिंतीच्या कोपऱ्यात दाबून बसलेला, धान्याच्या कणगीएवढा होता.

भरतेशने दारातूनच तो पाहिला. मग त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले की यंत्राला कुणाचा श्वास ते कळत नाही, जवळ असेल तो ते घेतं. आज झोपायचंच असेल तर बाहेरच्या खोलीत झोपा. दुसऱ्याचा श्वास कुणी घेतलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. भरतेशने हे सगळं तिला सांगितलं आणि म्हणाला, मी यंत्र बाहेर नेतो.

"किती वर्षं झाली," पद्मा म्हणाली. "कुणी घेतला नाही त्यांचा."

"आणि मग उठशील तेव्हा कोण उठेल?"

"ब्रेकवर पाय मलाच ठेवायचाय. सहाला बाई येणार आहेत."

तिने खिडकी लावून घेतली. टाकीत पाणी भरलं, मास्कची कड ओल्या फडक्याने पुसली आणि यंत्र उचलून भिंतीपाशी जमिनीवर ठेवलं, जाळी कोपऱ्याकडे करून. मग ती पलंगावर कुशीवर झोपली. भरतेश कडेला बसला आणि तिचा हात आपल्या हातात धरून राहिला. यंत्र ऐकू लागलं. छोटे श्वास एकेक करून गेले, ते जाताना त्याला दिसले. पद्माच्या बोटांना तपकिरीचा वास यायला लागला. ती अजून जागी होती.

कोपऱ्यातला मोठा श्वास भिंतीपासून सुटला. तो जमिनीवरून सरकत आला, जाळीला टेकला आणि बारीक होत होत आत जाऊ लागला. नळीच्या टोकाशी गोळा उमटला. अजगराने गिळलेल्या जनावरासारखा तो नळीतून पलंगाकडे निघाला. पद्माने मोकळ्या हाताने पट्टा एक खाच घट्ट केला आणि तोंड उघडलं.